राजसत्तेची नाट्यपरीक्षा

नाटकाची परीक्षा तीन प्रकारचे लोक करितात. पहिला प्रेक्षक. तो पदरचे पैसे खर्चून येतो, आणि आवडलें नाहीं तर पुन्हां येत नाहीं. दुसरा टीकाकार. तो आपल्या अभिप्रायाचीं कारणें देतो, आणि तीं लटकीं ठरलीं तर त्याचें हंसें होतें. तिसरा परीक्षक म्हणजे सरकार. हा कारणें सांगण्यास बांधलेला नसतो. त्याचा अभिप्राय चुकला तरी अमलांत येतोच. आणि तो एकदां प्रसिद्ध झाला म्हणजे पहिल्या दोघांस आपापलें काम नीट करण्याची सोय उरत नाहीं. या तिसऱ्या परीक्षकाविषयीं मराठींत पुष्कळ लिहिलें गेलें आहे, परंतु तें बहुधा त्याच्या जुलमाविषयीं. त्याच्या परीक्षणामुळें वाङ्मयाचें व वाङ्मयटीकेचें काय झालें, हा प्रश्न त्या मानानें मागें पडला. प्रस्तुत लेखांत त्याचा विचार करावयाचा आहे, आणि त्यासाठीं मुख्य उदाहरण घेतलें आहे तें कै. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवधा’चें. हें नाटक १९०७ सालीं महाराष्ट्र नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणिलें, आणि १९१० च्या आरंभीं मुंबई सरकारनें त्याच्या प्रयोगांस मनाई केली. आज शंभरांहून अधिक वर्षांनंतर सुशिक्षित मराठी माणसास या नाटकाविषयीं बहुधा एकच गोष्ट निश्चित ठाऊक असते, ती म्हणजे त्यावर बंदी आली होती. नाटक कसें आहे असें विचारलें तर तो क्षणभर थांबतो. हें थांबणें कोठून आलें, तें पाहूं.

नाट्यप्रयोग बंद पाडण्याचा अधिकार ज्या कायद्यानें हिंदुस्थानांतील सरकारच्या हातीं दिला त्याचा उगम महाराष्ट्रांत नाहीं. तो कलकत्त्यास आहे, आणि तोहि एका प्रहसनांत. १८७५-७६ च्या हिंवाळ्यांत इंग्लंडचे युवराज या देशांत आले होते. कलकत्त्याचे एक प्रतिष्ठित वकील जगदानंद मुखोपाध्याय यांनीं त्यांस आपल्या घरीं नेलें व घरांतील स्त्रियांकडून अंतःपुरांत त्यांचें स्वागत करविलें. शहरांत मोठा गवगवा झाला. ग्रेट नॅशनल थिएटरनें फेब्रुवारी १८७६ मध्यें ‘गजदानंद ओ युवराज’ नांवाचें प्रहसन केलें. पोलिसांनीं तें थांबविलें, तेव्हां तेंच नांव बदलून पुन्हां करण्यांत आलें. आणि पोलीस कमिशनर हॉग व सुपरिंटेंडेंट लॅम या दोघांच्या आडनांवांवर कोटी करून डुक्कर व मेंढी यांच्या पोलीसखात्याचें आणखी एक प्रहसन तयार झालें. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनीं २९ फेब्रुवारी रोजीं वटहुकूम काढिला. त्यानंतर कांहीं दिवसांतच नाटकमंडळीचे उपेंद्रनाथ दास व अमृतलाल बसु यांस पकडण्यांत आलें. आरोप राजद्रोहाचा नव्हता. दुसऱ्याच एका नाटकांतील अश्लीलतेचा होता. खालच्या कोर्टानें दोघांस एकेक महिन्याची शिक्षा ठोठावली, ती हायकोर्टांत टिकली नाहीं. न्यायालयांत पुरावा द्यावा लागतो, आणि न्यायाधीश तो नाकारूं शकतो. बंदी घालण्यापुरती तरी ही अडचण राहूं नये, अशी व्यवस्था त्याच वर्षाच्या अखेरीस नाट्यप्रयोगांच्या कायद्यानें झाली.

हा १८७६ चा कायदा आटोपशीर होता. नाटक बंद करण्यास त्यानें तीन कारणें पुरेशीं मानलीं: तें कोणाची बदनामी करणारें असावें, किंवा त्यानें सरकारविषयीं अप्रीति उत्पन्न होण्याचा संभव असावा, किंवा प्रेक्षकांची नीति बिघडण्याचा संभव असावा. सरकारास नाटकाची प्रत मागवितां येई. हुकूम मोडून प्रयोग करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही होऊं शकत. अधिकारपत्र घेऊन पोलिसांस नाट्यगृहांत शिरतां येई आणि पडदे व पोशाखसुद्धां जप्त करितां येत. नाटककाराचें म्हणणें आधीं ऐकून घेण्याची तरतूद मात्र त्यांत नव्हती. यांतील कळीचा शब्द ‘संभव’ हा होय. नाटकाचा परिणाम झाला कीं नाहीं हें दाखवितां येतें. परिणाम होण्याचा संभव आहे कीं नाहीं हें केवळ ठरवितां येतें, आणि ठरविणारा तोच ज्यास त्या परिणामाची धास्ती वाटते. अशा रीतीनें वाङ्मयाचा अर्थ लावण्याचें काम सरकारानें स्वतःकडे घेतलें. गुन्ह्याचा तपास करणें हा सरकारचा धर्मच आहे. परंतु रूपकाचा अर्थ ठरविणें ही टीकाकाराची कामगिरी, आणि ती एका खात्याकडे गेली.

आतां ‘कीचकवधा’कडे वळूं. कथानक सर्वांस परिचित अशा विराटपर्वांतलें आहे. पांडव अज्ञातवासाचें वर्ष विराटाच्या घरीं काढीत आहेत. युधिष्ठिर कंक होऊन राजाशीं द्यूत खेळतो, भीम बल्लव होऊन मुदपाकखाना सांभाळतो, द्रौपदी सैरंध्री होऊन सुदेष्णा राणीची सेवा करिते. राणीचा भाऊ कीचक हा सेनापति. त्याच्या बळावर राज्य उभें. तो सैरंध्रीची अभिलाषा धरितो, आणि राजा कांहींहि करूं शकत नाहीं. ही कथा खाडिलकरांनीं निवडली तेव्हां त्यांच्या डोळ्यांपुढें फक्त व्यास होते असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. वंगभंग १९०५ सालीं झाला होता; तो करणारे लॉर्ड कर्झन त्याच वर्षीं हिंदुस्थान सोडून गेले होते; आणि खाडिलकर हे टिळकांच्या ‘केसरी’च्या परिवारांतले. कीचकाच्या सत्तामदाच्या भाषेंत कर्झनशाहीचा ध्वनि प्रेक्षकांस ऐकूं येत होता आणि तो ऐकूं यावा अशीच नाटककाराची इच्छा होती, याविषयीं वाद नको.

परंतु तारखा लक्षांत घेण्यासारख्या आहेत. नाटक १९०७ चें, बंदी १९१० ची. मधलीं जवळजवळ तीन वर्षें प्रयोग होत होते. १९०८ सालीं टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या रात्रीं रंगभूमीवर देवलांची ‘शारदा’ होती. म्हाताऱ्याशीं लावल्या जाणाऱ्या कोंवळ्या मुलीच्या लग्नाचें नाटक, ज्यांत राज्यकर्त्यांविषयीं एक अक्षर नाहीं. प्रेक्षकांवर होणाऱ्या परिणामाचा ‘संभव’ मोजणाऱ्यांनीं या योगायोगाचा विचार करावयास हवा होता. तो न होतां पुढच्या कांहीं आठवड्यांतच ‘कीचकवधा’वर बंदी आली, आणि फेब्रुवारी १९१० मध्यें वृत्तपत्रांचा नवा कडक कायदा मंजूर झाला. भेदरलेल्या सरकारानें जें जें जवळ दिसलें त्यावर हात टाकिला. नाटकाचें कथानक तीन वर्षांत बदललें नव्हतें. बदललें होतें तें वाचणाऱ्याचें मन.

सरकारपक्षानें या नाटकाचा जो अर्थ लाविला तो त्या काळच्या इंग्रजी लिखाणांत सविस्तर नमूद आहे. कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल, आणि दुबळा विराट म्हणजे इंग्लंडांतील सरकार. कोष्टक सुबक आहे, आणि स्थूलमानानें बरोबरहि आहे. म्हणूनच तें घातक ठरलें. चुकीच्या अर्थाचें खंडन होतें. अर्धवट बरोबर अर्थ तसाच चिकटून राहतो. आणि आश्चर्य असें कीं, बंदीचा निषेध करणाऱ्या स्वजनांनींहि तेंच कोष्टक पुढें चालविलें. सरकारास जो दोष वाटला तो आम्हांस गुण वाटला, एवढाच फरक. नाटकाची वाचणी दोन्हीकडे एकच राहिली, आणि ती पोलिसखात्यानें ठरवून दिलेली होती.

त्या कोष्टकापलीकडे काय राहून गेलें, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. विराटपर्वांतील मर्मस्थळ कीचकाचा वध हें नसून त्याच्या आधीचा सभेंतील प्रसंग हें होय. कीचक भर सभेंत द्रौपदीस लाथ मारितो. राजा पाहतो. सभासद पाहतात. भीम रागानें झाडाकडे पाहूं लागतो, आणि सरपण हवें असेल तर बाहेरचें झाड तोड असें कंकवेषांतील धर्मराज त्यास आडवळणानें सुचवितो. अन्यायाचा निवाडा करावयाची जागा शाबूत आहे, तेथें बसणारे सर्व जागेवर आहेत, आणि तरी निवाडा होत नाहीं. कारण ज्याच्या जोरावर सिंहासन टिकलें आहे त्याच्याविरुद्ध सिंहासन बोलूं शकत नाहीं. राजसत्तेचें हें चित्र १९०७ च्या हिंदुस्थानापुरतें नाहीं. आपल्याच चाकरास भिणारें राज्य, कायदा हातीं असून तो वापरूं न धजणारा राजा, आणि वर्ष संपेपर्यंत अपमान गिळणें हा धर्म कीं अधर्म या प्रश्नांत अडकलेला सज्जन: या तीन गोष्टी जेथें सत्ता आहे तेथें पुन्हां पुन्हां दिसतात. खाडिलकरांच्या नाटकाचें खरें बळ या प्रश्नांत आहे. युधिष्ठिरास मवाळ असें नांव दिलें कीं तो प्रश्न संपतो. कारण मवाळांविषयीं आपलें मत आधींच झालेलें असतें. परंतु धर्मराजाचा संयम हा भित्रेपणा नव्हे. त्याच्या एका शब्दावर पांचहि भावांचें तेरा वर्षांचें तप उभें आहे, आणि तो शब्द मोडला तर सर्वच व्यर्थ. भीमाचा क्रोध आणि धर्माचा संयम हे दोन्ही खरे असतांना एकाची निवड करावी लागणें, हें नाट्य.

त्याबरोबर दोषहि सांगितले पाहिजेत. खाडिलकरांच्या लेखणींत वक्तृत्व फार. पात्रें भांडतात तेव्हां माणसें भांडत आहेत याहून दोन पक्ष भांडत आहेत असा भास वारंवार होतो. कीचक मदोन्मत्त आहे खरा, परंतु मद चढण्यापूर्वीं तो कसा होता याची जाण आपणांस फारशी होत नाहीं, आणि त्यामुळें त्याचा शेवट पाहून समाधान वाटलें तरी मन हेलावत नाहीं. याच नाटककाराची १९०९ ची ‘भाऊबंदकी’ शेजारीं ठेविली म्हणजे हें ध्यानांत येतें. तेथें सत्तेचा लोभ राघोबाच्या मनांत शिरतांना दिसतो, तो कचरतो, ढकलला जातो. आणि नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा जाब विचारणारे रामशास्त्री त्याच्यासमोर उभे राहतात तेव्हां दोन माणसें समोरासमोर आहेत असें वाटतें. विराटाच्या सभेंत जें घडलें नाहीं तें रामशास्त्र्यांच्या न्यायासनावर घडतें. सत्तेस तिच्याच घरांत निवाडा ऐकावा लागतो. दोन्ही नाटकें मिळून खाडिलकरांचा सत्तेविषयींचा विचार पुरा होतो, असें आमचें मत आहे.

हें परीक्षण बरोबर असेल किंवा नसेल. मुद्दा असा कीं, असें परीक्षण बंदीच्या छायेंत करणें दुर्घट होतें. टीकाकारानें नाटकांतील रूपक उकलून त्याची वाहवा केली तर तो नकळत सरकारी साक्षीदार व्हावयाचा. त्यानें दोष दाखविले तर तो पोलिसांच्या बाजूचा ठरावयाचा. राहिला तिसरा मार्ग मौनाचा, किंवा निर्भेळ स्तुतीचा. बंदीनें नाटकांस कीर्ति मिळते असें आपण समाधानानें म्हणतों, परंतु ही कीर्ति फार महाग पडते. ज्याची परीक्षाच होऊं शकत नाहीं त्याची योग्यता ठरत नाहीं, आणि योग्यता न ठरतां मिळालेली कीर्ति पुढच्या पिढीस नुसती माहिती म्हणून उरते.

नाटकाबाहेरचें एक उदाहरण याहून बोलकें आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा ‘आमच्या देशाची स्थिति’ हा निबंध ‘निबंधमाले’च्या अखेरच्या काळांतला. शास्त्रीबुवा १८८२ सालीं वारले. त्यांच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनीं, त्याच १९१० सालीं, सरकारानें तो निबंध जप्त केला, आणि ती बंदी उठली १९३७ सालीं. सत्तावीस वर्षें म्हणजे एक सबंध पिढी. या पिढीनें तो निबंध चोरून वाचिला किंवा त्याची ख्याति नुसती ऐकिली. त्यांतील विचार कोठें पुरे आहेत, कोठें एकांगी आहेत, परकी सत्तेविषयीं बोलतांना स्वकीयांतील सत्तेविषयीं शास्त्रीबुवा कोठें गप्प राहिले, याची उघड चर्चा ज्या काळांत व्हावयास हवी होती त्याच काळांत ती अशक्य झाली. निबंध मोकळा झाला तेव्हां तो ऐतिहासिक कागद होऊन गेला होता.

बंदीचा परिणाम लेखकांच्या लेखणीवरहि होतो. इंग्लंडांत वॉल्पोल प्रधानानें १७३७ सालीं नाटकांस आगाऊ परवान्याचा कायदा लाविला, त्यास मुख्य कारण हेन्री फील्डिंग याचीं उपरोधिक नाटकें. फील्डिंगनें रंगभूमि सोडली व तो कादंबरीकडे वळला. कादंबरीचा लाभ झाला. परंतु इंग्लिश रंगभूमीवर राज्यकारभाराची थट्टा करण्याची जी परंपरा जोर धरीत होती ती तुटली. आणि तो परवाना तेथें १९६८ पर्यंत, म्हणजे दोनशें एकतीस वर्षें टिकला. सत्तेच्या हातीं एकदां आलेलें साधन, ज्या भीतीनें तें घडविलें ती भीति विरल्यावरहि परत जात नाहीं, याचें याहून स्पष्ट प्रमाण नको.

येथें एक आक्षेप घेण्यांत येईल. नाटकानें वाटेल ती बदनामी करावी, दंगलीस चिथावणी द्यावी, आणि सरकारानें पाहत बसावें काय? असें आमचें म्हणणें नाहीं. बदनामीविरुद्ध व चिथावणीविरुद्ध सामान्य कायदा आहे. तेथें फिर्याद उघड होते, आरोपीस बोलतां येतें, न्यायाधीशास कारणें लिहावीं लागतात, आणि वर दाद मागतां येते. या मार्गानें सरकारास कधीं कधीं हार खावी लागते. १८७६ सालीं ती लागलीच. आमचा विरोध आहे तो आगाऊ हुकुमास, ज्यांत फिर्यादी, टीकाकार व न्यायाधीश हीं तीन आसनें एकाच मनुष्यास मिळतात. स्वतंत्र भारतांत अलाहाबाद हायकोर्टानें १९५६ सालीं हा १८७६ चा कायदा घटनाविरोधी ठरविला. प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ कथेवरील नाटकावरून तो खटला उभा राहिला होता. लहान मुलाच्या त्या गोष्टीवरचें नाटक अडवावयास नॉर्थब्रुकसाहेबांच्या काळचें हत्यार उपयोगीं पडलें, ही घटना विचार करण्यासारखी आहे. तरी कायद्याच्या पुस्तकांतून तो अखेर निघाला १९१८ सालीं नव्हे, १९४८ सालीं नव्हे, तर २०१८ च्या आरंभीं.

परंतु परकी सरकार गेलें आणि जुना कायदा गेला एवढ्यानें प्रकरण संपत नाहीं. महाराष्ट्रांत पोलीस कायद्याच्या नियमांखालीं नाटकांच्या पूर्वपरीक्षणाचें मंडळ स्वराज्यांतहि राहिलें. विजय तेंडुलकरांचें ‘सखाराम बाइंडर’ १९७२ सालीं आलें, थोड्याच प्रयोगांनंतर तें अडविण्यांत आलें, आणि दिग्दर्शक कमलाकर सारंग यांस मुंबई हायकोर्टाची पायरी चढून तें सोडवून आणावें लागलें. या वेळीं कर्झन कोणी नव्हता. बंदी मागणाऱ्यांत आपल्यासारखींच सुशिक्षित, घरंदाज, वाङ्मयप्रेमी म्हणविणारीं माणसें होतीं. नाटकानें घराच्या चार भिंतींआड पुरुष स्त्रीवर कशी सत्ता गाजवितो तें दाखविलें, आणि आम्हीं तें पाहण्याऐवजीं शिपायास हांक मारिली.

‘घाशीराम कोतवाला’ची हकीगत तर याहून लागट आहे. हें नाटक पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननें १६ डिसेंबर १९७२ रोजीं प्रथम केलें. सत्ताधारी आपल्या सोयीसाठीं एक कोतवाल उभा करितो, त्याच्याकडून जुलूम करवितो, आणि लोक खवळले म्हणजे त्यालाच लोकांच्या हवालीं करून मोकळा होतो, असा त्याचा विषय. नाना फडणविसांची व ब्राह्मणांची बदनामी झाली अशी ओरड उठली. एकोणीस प्रयोगांनंतर तें बंद पडलें; परंतु तें सरकारी हुकुमानें नव्हे. ज्या संस्थेनें तें बसविलें तिच्याच चालकांनीं तें थांबविलें. नट व दिग्दर्शक जब्बार पटेल यांनीं संस्था सोडली, थिएटर अकॅडमी नांवाची नवी संस्था काढिली, आणि १९७४ सालीं नाटक पुन्हां उभें केलें. तें पुढें परदेशांतहि गाजलें. पण हुकूम न येतांच मान लवविणारी संस्था हा प्रकार नव्या विचाराचा आहे. १८७६ चा कायदा करणाऱ्यांनीं शिपाई नाट्यगृहाच्या दारांत उभा केला होता. येथें तो संस्थेच्या कार्यकारी मंडळांत येऊन बसला.

आणि ‘घाशीरामा’वरील टीकेचेंहि तेंच झालें. नाना असे होते कीं नव्हते, एवढ्या एका प्रश्नाभोंवतीं बरीचशी चर्चा फिरत राहिली. सत्ता आपले घाशीराम कसे घडविते, हा नाटकाचा प्रश्न कोष्टकाखालीं दडपला गेला. कीचक म्हणजे कोण हें ठरविण्यांत विराटाची सभा दडपली गेली होती तसाच.

वाचकांपुढें ठेवावयाचें तें एवढेंच. एखाद्या नाटकानें मन दुखावलें तर नाट्यगृहांतून उठून जावें. त्यावर कडक टीका लिहावी. बदनामी झाली असेल तर कोर्टांत जावें. परंतु त्यावर आगाऊ बंदी मागण्यापूर्वीं हें ध्यानांत असूं द्यावें कीं, आपण मागतों तें फक्त एका नाटकाचें उच्चाटन नव्हे. त्या नाटकाविषयीं खरें बोलण्याचा आपला स्वतःचा हक्कहि आपण त्याबरोबर गमावून बसतों. ‘कीचकवधा’स हुतात्म्याची पदवी मिळून शतक लोटलें. त्यास अजून एक साधें, निर्भय, गुणदोषांचें परीक्षण हवें आहे. तें कोणी सविस्तर करील तर त्या नाटकावर व मराठी टीकेवर मोठे उपकार होतील.